गोळीबरोबरचा कागद

संततिनियमनाच्या गोळीचा इतिहास लिहिणारे चार नावे हटकून घेतात : ग्रेगरी पिंकस, जॉन रॉक, मार्गारेट सँगर आणि जिच्या पैशावर हे संशोधन उभे राहिले ती कॅथरिन मॅक्कॉर्मिक. ही नावे घेतली जाण्याबद्दल माझी तक्रार नाही. सँगरबाईंनी तर या कामासाठी तुरुंगही पाहिला. माझा प्रश्न वेगळा आहे. औषध माणसाच्या शरीरात गेल्याशिवाय त्याचे गुणदोष कळत नाहीत. मग ही गोळी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कोणाच्या पोटात गेली? त्या बायकांची नावे या इतिहासात भेटत नाहीत. पत्ता मात्र भेटतो : रिओ पिएद्रास, सॅन हुआन, प्वेर्तो रिको; साल १९५६.

प्वेर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातले कॅरिबियन बेट. पिंकस आणि रॉक ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात काम करीत होते तिथे गर्भनिरोधाचे साधन देणे हाच गुन्हा होता. म्हणून रॉक यांनी सुरुवातीचे प्रयोग वंध्यत्वाचा अभ्यास या नावाखाली केले. वूस्टरच्या मनोरुग्णालयातील बायकांनाही गोळ्या देण्यात आल्या. नाही म्हणण्याची सोय त्यांना कुठली? प्वेर्तो रिकोत गर्भनिरोध १९३७ पासून कायदेशीर होता आणि रिओ पिएद्रासच्या नव्या सरकारी वसाहतीत गरीब कुटुंबे एका जागी सापडत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या बायकांना कोणी ओढून आणले नव्हते, त्या आपणहून आल्या. पाठोपाठच्या बाळंतपणांनी त्या खंगल्या होत्या. त्या बेटावर स्त्रियांची नसबंदी इतकी सर्रास होती की ‘ऑपरेशन’ एवढे म्हटले तरी तेच समजत. कायमचे ऑपरेशन नको, पण मूलही नको, असे म्हणणाऱ्या बाईला गोळी हवीशी वाटणारच. तेव्हा त्यांना भोळ्याभाबड्या ठरवून कीव करणे हाही त्यांचा अपमानच होय. त्यांना सांगितले गेले की या औषधाने दिवस राहत नाहीत. आपल्यावर प्रयोग चालला आहे, हे सांगितले गेले नाही.

चाचणीवर देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी प्रामाणिकपणे अहवाल दिला : गोळी नीट घेतली तर दिवस राहत नाहीत, पण शंभरात सतरा बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होतात, सबब सर्रास वापरायला ती योग्य नाही. पिंकस यांनी या तक्रारींतला बराच भाग मनाचे खेळ म्हणून बाजूला सारला. चाचण्यांच्या काळात तीन बायका मरण पावल्या आणि त्यांचे शवविच्छेदन झाले नाही, असे इतिहासकार नमूद करतात. त्यामुळे त्या गोळीने मेल्या असे म्हणता येत नाही, आणि गोळीने मेल्या नाहीत असेही म्हणता येत नाही. गरिबाच्या मरणाची नोंद अशीच अर्धी राहते.

१९६० साली अमेरिकन सरकारने ‘एनोविड’ला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. तिच्यात दीडशे मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन होते. आज सरकारी ‘माला-एन’मध्ये तीस मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल असते. (द्रव्ये वेगळी असल्याने सरळ भागाकार करू नये, पण मात्रा कितीतरी उतरली हे खरे.) ती उतरली कशी? १९६१ साली इंग्लंडातल्या एका डॉक्टराने गोळी घेणाऱ्या बाईच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याचे छापले. पुढच्या सात-आठ वर्षांत ब्रिटिश अभ्यासांनी हा संबंध पक्का केला आणि १९६९ च्या अखेरीस तिथल्या औषध समितीने पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळा असे डॉक्टरांना कळवले. १९७० साली अमेरिकन सिनेटमध्ये गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली. गोळी घेणारी एकही बाई साक्षीला बोलावलेली नव्हती. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उठून जाब विचारला. त्याच वर्षी पाकिटाबरोबर धोक्याची माहिती देणारा कागद आला.

आपल्याकडे ज्ञानबंदी नवी नाही. म्हणूनच बाबासाहेबांची इथली भूमिका मला फार पुढची वाटते. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून र. धों. कर्व्यांना समाज वाळीत टाकत होता, तेव्हा १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’च्या खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. अकरा विरुद्ध बावन्न मतांनी तो पडला. मूल कधी व्हावे हे बाईच्या इच्छेवर असावे, हे तेव्हा कोणाला पटणार?

पुढे साधने आली, सक्ती आली, लक्ष्ये आली. माहिती तेवढी मागे राहिली. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूला गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीसाठी गरीब बायका जमवल्या, तेव्हा पुन्हा तेच : दिवस राहत नाहीत एवढेच सांगितलेले. स्त्री शक्ती संघटना आणि इतर कार्यकर्त्या १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

मी वस्तीत आरोग्यसेविका म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या वाटल्या. गोळी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना आपोआपच गुठळी होते. आजची ही गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. आणि गरोदरपणात याहून अधिक. पण त्या पाच-सातांत कोण, हे बरेचसे आधी ओळखता येते. रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर असेल. पस्तिशी उलटली आणि विडी-सिगारेट ओढत असेल. डोळ्यांपुढे वीज चमकून अर्धशिशी उठत असेल. पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल. कावीळ चालू असेल. मूल सहा महिन्यांच्या आतले आणि अंगावर पीत असेल, तर ही गोळी नको, दुसरे साधन बघावे. पोटरी एकाएकी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, नजर अंधारली किंवा कधी नव्हे इतके डोके दुखले, तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा.

एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्यावी, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घेऊन पुढे चालू ठेवावी आणि सात दिवस निरोध वापरावा. शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्या चुकल्याने दिवस राहत नाहीत. हे सगळे त्या कागदावर असते, मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचता न येणाऱ्या बाईला तो कागद म्हणजे नुसते वेष्टण.

आणि एक गोष्ट आमच्या वस्तीत सगळ्यांत महत्त्वाची. क्षयावरचे रिफाम्पिसिन चालू असेल तर ही गोळी तिच्या शरीरात टिकत नाही. रोज नेमाने घेऊनही दिवस राहतात आणि मग घरात संशय बाईवर येतो. क्षयाच्या खिडकीवर तिला कोणी गोळीचे विचारत नसे, आणि गोळ्यांच्या वहीत क्षयाचा रकानाच नव्हता. मी ज्या केंद्रात होते तिथल्या वहीत तो पट्टीपेनाने मी आखून घेतला.