काढलेल्या शब्दांची खूण

१६२१ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहाने आपल्या कामकाजाच्या वहीत एक निषेधपत्र नोंदवले. राज्यकारभाराच्या विषयांवर मोकळेपणाने बोलणे हा सभासदांचा जन्मसिद्ध हक्क आहे, राजाची मेहेरबानी नव्हे, असा त्याचा आशय. राजा पहिला जेम्स संतापला. त्याने वही मागवून घेतली आणि ते पान स्वतःच्या हाताने फाडले.

सभा म्हटली की हमरीतुमरी आलीच. कोणी अर्वाच्य बोलतो, कोणी सभागृहात नसलेल्या माणसावर बिनबुडाचे आरोप करतो. असे शब्द नोंदीतून काढण्याचा अधिकार कोणाकडे तरी असावा लागतो, याबद्दल फारसा वाद नाही. पण काय काढले, कोणी काढले आणि कशासाठी, हे मागाहून वाचणाऱ्याला कळायला हवे. जेम्सच्या कृतीत त्याची सोयच नव्हती.

अमेरिकेच्या सिनेटने दोन शतकांनंतर वेगळी वाट काढली. सरकारी ठेवी बँक ऑफ द युनायटेड स्टेट्समधून हलवल्याच्या वादात मार्च १८३४ मध्ये सिनेटने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर ठपका ठेवला होता. तो पुसून काढायचाच, असा चंग सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांनी बांधला. संविधानच नोंदवही ठेवायला सांगते, मग तीत खाडाखोड कशी करणार, असा विरोधकांचा आक्षेप होता. अखेर १६ जानेवारी १८३७ रोजी २४ विरुद्ध १९ मतांनी ठराव झाला. सचिवांनी जुनी हस्तलिखित वही सभागृहात आणली, ठपक्याच्या मजकुराभोवती काळ्या शाईची चौकट आखली आणि मजकुरावर आडवे लिहिले : सिनेटच्या आदेशाने वगळले. खाली तारीख घातली. ठपका रद्द झाला, पण त्याखालची अक्षरे वाचता येत राहिली.

आपल्या लोकसभेची रीत या दोहोंच्या मधली. मानहानिकारक, अश्लील, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द कामकाजातून काढण्याचा अधिकार नियम ३८० अध्यक्षांना देतो. त्याला जोडूनच नियम ३८१ येतो : काढलेल्या जागी तारकाचिन्हे छापायची आणि ‘अध्यक्षांच्या आदेशानुसार काढून टाकले’ अशी तळटीप द्यायची. परवानगीशिवाय कोणी बोलत राहिले, तर ‘नोंद घेतली नाही’ ही तळटीप वेगळी. म्हणजे छापील इतिवृत्त चाळणाऱ्याला गाळलेली जागा दिसते, ती कोणाच्या हुकमाने गाळली हेही समजते. शब्द मात्र कळत नाहीत आणि कारणही कळत नाही.

ही उणीव किती महागात पडू शकते, हे पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाने अनुभवले. ३० मे १९५७ रोजी बिहार विधानसभेत मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिन्हा यांच्या कारभारावर एका सदस्याने घणाघाती भाषण केले. त्यातला काही भाग काढून टाकण्याचा आदेश अध्यक्षांनी दिला. दुसऱ्या दिवशी ‘सर्चलाइट’मध्ये तो भागही छापून आला. संपादक एम. एस. एम. शर्मा यांना हक्कभंगाची नोटीस मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९५८ मध्ये बहुमताने निकाल लागला तो सभागृहाच्या बाजूने. काढलेला भाग कायद्याच्या दृष्टीने जणू बोललाच गेला नाही, तो छापणे हा हक्कभंग ठरतो, असे न्यायालयाने मानले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वृत्तपत्राच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू घेत भिन्नमत नोंदवले.

त्या वेळी भाषण ऐकणारे सभागृहात आणि प्रेक्षक सज्जात बसलेले मोजके लोक. २००६ मध्ये लोकसभेची स्वतःची वाहिनी सुरू झाली आणि देशभर थेट ऐकलेले शब्द संध्याकाळपर्यंत नोंदीतून गायब होऊ लागले. १ जुलै २०२४ च्या आपल्या भाषणातील मोठा भाग काढल्यावर विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी अध्यक्ष ओम बिर्ला यांना पत्र लिहिले. हा मजकूर नियम ३८० च्या कक्षेत बसत नाही, तो पुन्हा नोंदीत घ्यावा, अशी त्यांची मागणी होती. भाषण पटो वा न पटो, त्या पत्रातला प्रश्न कोणत्याही पक्षाच्या खासदाराला पडू शकतो. आदेश अध्यक्षांचा आणि दादही त्यांच्याकडेच मागायची. संविधानाचा अनुच्छेद १२२ अशा अधिकाराच्या वापराला न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवतो.

ब्रिटनच्या कॉमन्समध्ये आज अध्यक्ष सदस्याला शब्द मागे घ्यायला लावतात. मूळ शब्द, समज आणि माघार, तिन्ही गोष्टी ‘हॅन्सार्ड’ या अधिकृत अहवालात राहतात. भारतात तितके दूर जायचे नसेल, तरी नियम ३८० मधल्या चारपैकी कोणत्या निकषावर शब्द काढले, एवढे तळटीपेत सांगता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आपले नियम बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ११८ ने सभागृहालाच दिला आहे आणि नियम ३८१ मध्ये एका ओळीची भर घालून हे काम होण्यासारखे आहे.