पायावरचा एक फोड

पायाला आलेला फोड ही आपण क्षुल्लक बाब समजतों. परंतु एका फोडाची नोंद इतिहासानें ठेवली आहे. ३० जून १९२४ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा १६ वर्षांचा धाकटा मुलगा व्हाइट हाउसच्या आवारांत टेनिस खेळला. पायांत बूट होते, मोजे नव्हते. बोटाला फोड आला, त्यावाटे जंतु रक्तांत शिरले आणि ७ जुलैला मुलगा दगावला. फ्लेमिंगचा पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा. राष्ट्राध्यक्ष पित्याच्या हातीं सत्ता होती, औषध नव्हतें.

फोड येतो तो घर्षणानें. घामानें ओली कातडी मोज्याला व बुटाला चिकटून राहते, आंतलीं हाडें मात्र पुढेंमागें सरकतात. त्या ओढाताणींत कातडीचे थर विलग होऊन मध्यें पाणी भरतें. यास्तव नव्यानें चालावयास वा धावावयास लागणारानें नीट बसणारा बूट व कोरडे मोजे वापरावे, अंतर हळूहळू वाढवावें, आणि कातडी चुरचुरूं लागतांच थांबून तेथें चिकटपट्टी लावावी. आलेला फोड उगाच फोडूं नये. भोंवतीं लाली पसरूं लागल्यास डॉक्टरांस दाखवावा. आज औषधें आहेत. तरी त्या मुलाला हवी होती ती केवळ मोज्यांची एक जोडी.