वसतिगृहापासून सदनिकेपर्यंत : शिराळा परिसर आणि विद्यापीठाच्या गावातील निवारा

पश्चिम महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास बहुधा संस्था आणि संस्थापक यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. परंतु खेड्यातला विद्यार्थी शिकायला गेला तेथे राहिला कोठे आणि त्या निवाऱ्याचा खर्च कोणी उचलला, असा प्रश्न विचारला की त्याच इतिहासाची दुसरी बाजू पुढे येते. आज शिराळा तालुक्यातील एखादे बागायतदार, शिक्षक किंवा माथाडी कामगाराचे कुटुंब कोल्हापुरात राजारामपुरी, सागरमाळ किंवा राजेंद्रनगर या भागांत मुलांच्या शिक्षणासाठी सदनिका घेते, तेव्हा तो व्यवहार वरवर केवळ गुंतवणुकीचा वाटतो. प्रत्यक्षात जे काम पूर्वी संस्थानाने, जातिसंस्थांनी आणि शिक्षणसंस्थांनी केले, तेच काम आता कुटुंबाने स्वतःच्या अंगावर घेतल्याची ती खूण आहे.

शिराळा, म्हणजेच लोकांच्या तोंडचे बत्तीस शिराळा, इंग्रजी अमलात सातारा जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यातील पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटविभाग होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तालुक्याच्या दक्षिणेला वारणा नदी आहे आणि ती ओलांडली की त्या काळी कोल्हापूर संस्थानाची हद्द लागे. त्यामुळे महसूल आणि कोर्टकचेरीसाठी साताऱ्याकडे पाहणाऱ्या या मुलुखाला शिक्षणासाठी मात्र कोल्हापूर जवळचे होते. १८८० पासून तेथे राजाराम कॉलेज होते आणि १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वेही आली; मात्र वारणाकाठच्या कुणब्याच्या पोराला त्या शहरात डोके टेकायला जागा नव्हती.

ही अडचण ओळखून शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची, तत्कालीन बोलीत बोर्डिंगांची, जी मालिका उभी केली ती मराठा आणि जैन बोर्डिंगांपासून सुरू होऊन पुढे मुस्लिम, लिंगायत, शिंपी, सारस्वत अशा अनेक समाजांपर्यंत गेली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दरबाराने जागा आणि उत्पन्न लावून द्यायचे, समाजाने वर्गणी काढून कारभार पाहायचा, अशी ही व्यवस्था होती. दसरा चौकाच्या परिसरात यांतील काही इमारती आजही उभ्या असून त्यांच्या सलगतेवरून हे धोरण किती जाणीवपूर्वक आखले होते ते कळते.

या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याच्या बाबतीत दिसतात. भाऊराव पाटील यांचे घर वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे, म्हणजे शिराळ्याच्या शेजारी होते, आणि कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला हजर राहिल्यानंतर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. बोर्डिंगात छप्पर आणि जेवण फुकट किंवा नाममात्र मोलाने मिळे. पण त्याबरोबर पंगतीचे, सोवळ्याचे आणि जातीचे नियमही पत्करावे लागत.

पुढे त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या उपस्थितीत श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. या वसतिगृहाचा खर्च चालवताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. श्रमाच्या बदल्यात शिक्षण हा येथील नियम होता. मुले दळण, स्वयंपाक आणि शेतीची कामे करीत. ‘कमवा आणि शिका’ या नावाने हीच कल्पना पुढे महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत रुजली. अशा रीतीने निवाऱ्याची जबाबदारी जातीकडून संस्थेकडे आली, तरी ती अजून सामूहिकच होती.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली, राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. तोपर्यंत पुणे विद्यापीठाच्या कक्षेत असलेली दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालये या विद्यापीठाला जोडली गेली आणि जेथे विद्यापीठ उभे राहिले तो सागरमाळाचा ओसाड माळ शहराच्या विस्ताराची दिशा ठरला. वसतिगृहांतील जागा मात्र विद्यार्थिसंख्येच्या मानाने कमीच राहिल्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यावर कोल्हापूर, साखराळे आणि वारणानगर येथे खासगी महाविद्यालये निघाली, आणि शुल्क भरण्याची ऐपत असलेल्या पालकांचा नवा वर्ग निवाऱ्याच्या शोधात शहरांत उतरला. जागेची तूट घरमालकांनी भरून काढली. एका खोलीत तीन-चार खाटा टाकून प्रत्येक खाटेचे वेगळे भाडे घेण्याची ‘कॉट बेसिस’ पद्धत याच गरजेतून वाढली. जेवणाचा प्रश्न अनेक घरांनी एसटीवर सोपवला : झाकणावर नाव रंगवलेला डबा पहाटे गावच्या थांब्यावर गाडीत ठेवायचा, विद्यार्थ्याने तो शहरातील स्थानकावर उतरवून घ्यायचा आणि परतीच्या गाडीने रिकामा पाठवायचा.

भाड्याच्या खाटेवरून स्वतःच्या मजल्यावर जाण्यासाठी मात्र कायद्याची वाट आधी तयार व्हावी लागली. जमीन एकाची आणि तिच्यावरील चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या दुसऱ्याच्या, ही मालकी सातबाऱ्यावर वाढलेल्या शेतकऱ्याला अनोळखी होती आणि कायद्यालाही ती सावकाशच उमगली. त्याचा पहिला मार्ग सहकाराचा होता. १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. इमारत संस्थेची आणि सभासदाला भागपत्रासह राहण्याचा हक्क, हे सूत्र तिच्यापासून रूढ झाले. त्यानंतर १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला संरक्षण दिले, तेव्हा भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे मालकाला परवडेनासे झाले आणि मजले विकून टाकण्याकडे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ओनरशिप’कडे, बांधकामाचा ओघ वळला.

या विक्रीतील फसवणुकीला आळा घालण्यासाठी १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायदा झाला, ज्याने बिल्डरवर जमिनीचा हक्क आणि नकाशे उघड करण्याची, लेखी करार करून तो नोंदवण्याची आणि शेवटी जमीन गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून देण्याची सक्ती केली. या शेवटच्या टप्प्याला अभिहस्तांतरण म्हणतात आणि तोच टप्पा वर्षानुवर्षे रखडत असल्याने पुढे मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डर टाळाटाळ करत असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने हक्क मिळण्याची तरतूद करावी लागली. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याने दुसरा मार्ग दिला. अमेरिकेत ज्याला काँडोमिनियम म्हणतात त्या प्रकारची ही मालकी असून तिच्यात सदनिकाधारक स्वतःच्या गाळ्याचा थेट मालक असतो, तर जमीन, जिना आणि गच्ची यांत त्याचा अविभक्त, म्हणजे तोडून वेगळा न करता येणारा हिस्सा असतो. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, चटई क्षेत्रावर, म्हणजे सदनिकेच्या आतील प्रत्यक्ष वापरण्याजोग्या क्षेत्रावर, विक्री बंधनकारक केली आणि नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली.

कायद्याने वाट केली तरी पैसा हवा होता, आणि शिराळ्यात तो तीन वाटांनी आला. पहिली वाट वारणेच्या पाण्याची : चांदोलीचे धरण आणि चिखलीचा विश्वास सहकारी साखर कारखाना यांमुळे ऊस हे हमखास बिलाचे पीक झाले. दुसरी वाट सरकारी, विशेषतः शिक्षकी नोकरीची, कारण मासिक पगारपत्रक हेच गृहकर्जाचे पहिले तारण असते. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या एचडीएफसीसारख्या संस्थांनी आणि नंतर बँकांनी असे कर्ज मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. तिसरी वाट मुंबईची. शिराळा, पाटण आणि जावळी या डोंगरी तालुक्यांतील पुरुष गिरण्यांत आणि गोदींत राबत आणि गिरणगावात गावच्या सामाईक खोलीत पाळीपाळीने झोपत; अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेच्या लढ्यातून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि डोक्यावर ओझी वाहणाऱ्या या कामगाराला नियमित मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. शहरात आपल्या माणसांसाठी खोली राखून ठेवण्याची सवय या कुटुंबांना पिढीभर आधीपासूनच होती.

म्हणून विद्यापीठाजवळच्या सदनिकेत बोर्डिंगचे अनेक गुण टिकून आहेत. मालकाच्या मुलाबरोबर तेथे चुलतभाऊ, भाचा किंवा गल्लीतला एखादा हुशार पोरगाही राहतो, दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला आलेली माणसे मुक्काम करतात आणि शिक्षण संपल्यावर त्याच खोल्या कॉट बेसिसवर दिल्या जातात. मात्र येथे प्रवेश नात्याने मिळतो. बोर्डिंग जातीचे असले तरी त्या जातीतील गरिबालाही तेथे जागा होती; रयतच्या वसतिगृहात जातही आड येत नव्हती आणि दारिद्र्यही. सदनिकेचे दार उसाच्या बिलाने, पगाराने किंवा फंडाच्या रकमेने उघडते, आणि शेतमजुराच्या किंवा कोरडवाहू वाडीवरच्या मुलाकडे यांपैकी काहीच नसते.

राज्य शासनाच्या अलीकडच्या योजना या उणिवेची कबुलीच देतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांत वसतिगृहात जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला बाहेर राहण्या-जेवण्यासाठी रोख साहाय्य मिळते. शाहूकालीन दरबाराने इमारती दिल्या, आजचे शासन भाड्याचा वाटा देते, आणि ते भाडे बहुधा मागच्या पिढीत शिकायला आलेल्या एखाद्या कुटुंबाने घेऊन ठेवलेल्या सदनिकेचेच असते. शिक्षणाने वर आलेला वर्ग पुढच्या विद्यार्थ्यांचा घरमालक झाला, हे या शतकभराच्या वाटचालीचे सर्वांत ठळक फलित होय. आणि वसतिगृहे पुरेशा संख्येने उभी राहत नाहीत तोवर घरमालक आणि विद्यार्थी यांच्यामधील अंतर ओलांडण्याचे ओझे विद्यार्थ्याच्याच घरावर राहणार आहे.