विश्लेषण : ‘फ्रेंड्स’ की ‘हाऊ आय मेट युअर मदर’? सारख्या वाटणाऱ्या दोन मालिका नेमक्या कुठे वेगळ्या होतात?

न्यूयॉर्कमधले तिशीच्या आसपासचे मित्रमैत्रिणी, गप्पांचा ठरलेला अड्डा, जुळणारी आणि तुटणारी प्रेमप्रकरणं आणि दर वाक्यागणिक ऐकू येणारं हसू. ‘फ्रेंड्स’ आणि ‘हाऊ आय मेट युअर मदर’ या दोन अमेरिकी मालिकांचं वर्णन एकाच वाक्यात करता येतं. त्यामुळे ‘दुसरी म्हणजे पहिलीची नक्कल’ हा वाद सोशल मीडियावर अधूनमधून पेटतोच. पण दोन्ही मालिका कशा लिहिल्या गेल्या, कशा चित्रित झाल्या आणि कशा संपल्या हे पाहिलं, की त्यांच्यातला फरक स्पष्ट दिसतो.

(पुढील मजकुरात दोन्ही मालिकांच्या शेवटाचा उल्लेख आहे.)

एका नजरेत

• फ्रेंड्स : एनबीसी वाहिनी, सप्टेंबर १९९४ ते मे २००४. १० सीझन, २३६ भाग. निर्माते डेव्हिड क्रेन आणि मार्टा कॉफमन. मुख्य पात्रं सहा. अड्डा : ‘सेंट्रल पर्क’ कॉफी हाऊस.

• हाऊ आय मेट युअर मदर (पुढे ‘मदर’) : सीबीएस वाहिनी, सप्टेंबर २००५ ते मार्च २०१४. ९ सीझन, २०८ भाग. निर्माते कार्टर बेज आणि क्रेग थॉमस. मुख्य पात्रं पाच. अड्डा : ‘मॅकलॅरेन्स’ पब.

साम्य किती खरं?

बरंच खरं आहे. दोन्ही मालिका आयुष्याच्या एकाच टप्प्याबद्दल आहेत. शिक्षण संपलेलं, नोकरी धड लागलेली नाही किंवा आवडत नाही, लग्न झालेलं नाही आणि आईवडील दुसऱ्या गावात. अशा वेळी मित्र हेच घर होतं. रॉस-रेचल आणि टेड-रॉबिन या दोन्ही जोड्या वर्षानुवर्षं ‘होणार की नाही’ या प्रश्नावर प्रेक्षकांना टांगून ठेवतात. दोन्हींत न्यूयॉर्क दिसत असलं, तरी मुख्य चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओंमध्ये झालं.

‘फ्रेंड्स’ संपल्यानंतर जेमतेम दीड वर्षात ‘मदर’ सुरू झाली, त्यामुळे तुलना होणं अटळच होतं.

सहा नायक की एक निवेदक?

‘फ्रेंड्स’मध्ये नायक असा कुणी नाही. शीर्षकात सहाही कलाकारांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात : जेनिफर ॲनिस्टन, कोर्टनी कॉक्स, लिसा कुड्रो, मॅट लब्लांक, मॅथ्यू पेरी आणि डेव्हिड श्विमर. ही समानता पडद्यामागेही होती. पहिल्या काही सीझननंतर सहाही जणांनी मानधनाची बोलणी एकत्र करायला सुरुवात केली आणि सर्वांना सारखेच पैसे मिळावेत असा आग्रह धरला. शेवटच्या दोन सीझनमध्ये प्रत्येकाला एका भागासाठी १० लाख डॉलर मिळत होते.

‘मदर’ मात्र एका माणसाची गोष्ट आहे. २०३० सालातला टेड मोसबी आपल्या दोन मुलांना, त्यांची आई आपल्याला कशी भेटली, हे सांगत बसतो. पडद्यावर तरुण टेडचं काम जॉश रॅडनॉरने केलं, तर निवेदकाचा आवाज बॉब सॅगेट या अभिनेत्याचा आहे. मार्शल, लिली, रॉबिन आणि बार्नी आपल्याला दिसतात ते टेडच्या आठवणीतून.

या एका युक्तीने मालिकेचा पोतच बदलतो. टेडला एखादी गोष्ट नीट आठवत नसेल, तर ती पडद्यावरही चुकीची दिसते. बाप मुलांना सगळंच कसं सांगणार? म्हणून कॉलेजातल्या गांजाच्या जागी सगळे सँडविच खाताना दिसतात. एकच प्रसंग तीन जणांच्या नजरेतून तीन प्रकारे येतो, तर एखाद्या भागात पेरलेल्या विनोदाचं उत्तर दोन सीझननंतर मिळतं. ‘फ्रेंड्स’चा कोणताही भाग मधूनच लावला तरी चालतो. ‘मदर’मध्ये तसं केलं तर निम्मे संदर्भ हातून निसटतात.

मागून येणारं हसू खरं की खोटं?

‘फ्रेंड्स’चं बहुतांश चित्रीकरण स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर झालं, नाटकासारखं. एखादा विनोद पडला, तर लेखक तिथल्या तिथे नवीन वाक्य लिहीत आणि प्रसंग पुन्हा चित्रित होई. कलाकार हशा ओसरेपर्यंत थांबतात, ते त्यामुळेच.

‘मदर’ला हे शक्य नव्हतं. मागे-पुढे उड्या मारणाऱ्या कथेत एका भागात छोट्या छोट्या दृश्यांची रेलचेल असे. प्रत्येक वेळी नेपथ्य आणि कपडे बदलेपर्यंत प्रेक्षकांना बसवून ठेवणं अशक्यच. म्हणून प्रेक्षकांविना चित्रीकरण होई आणि संकलन झालेला भाग नंतर प्रेक्षकांना दाखवून त्यांचं हसू ध्वनिमुद्रित केलं जाई. म्हणजे हसणारी माणसं दोन्हीकडे खरीच होती. फरक इतकाच, की एका मालिकेत ती गोष्ट घडताना हजर होती, दुसरीत गोष्ट तयार झाल्यावर आली.

हा फरक तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात दोन्ही मालिकांचं भवितव्य त्याच्याशी जोडलेलं आहे.

एका हशाने बदललेली गोष्ट

१९९८ मध्ये ‘फ्रेंड्स’च्या चौथ्या सीझनचा शेवट लंडनमध्ये चित्रित झाला. रॉसच्या लग्नाला आलेले मोनिका आणि चँडलर एकाच पांघरुणात सापडतात, हे दिसताच स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी इतका जल्लोष केला, की चित्रीकरण काही काळ अडून राहिलं. लेखकांच्या डोक्यात हे प्रकरण थोडक्यात आटोपणारं होतं. तो प्रतिसाद पाहून त्यांनी ते पुढे नेलं. सातव्या सीझनच्या शेवटी दोघांचं लग्न झालं आणि मालिकेच्या अखेरच्या भागात ते जुळ्या मुलांचे आईबाप झाले. आज अनेकांना रॉस-रेचलपेक्षा हीच जोडी जास्त जवळची वाटते.

आधीच चित्रित झालेला शेवट

‘मदर’चं नेमकं उलट झालं. टेडची गोष्ट ऐकणारी मुलं २०३० सालच्या एकाच बैठकीत आहेत. पण ती भूमिका करणारे लिंडसी फोन्सेका आणि डेव्हिड हेन्री प्रत्यक्षात मोठे होणारच. म्हणून शेवटच्या प्रसंगातला त्यांचा भाग दुसऱ्या सीझनच्या वेळीच चित्रित करून ठेवला गेला. मुलं बापाला सांगतात, ‘ही गोष्ट आईची नाहीच. तुम्हाला अजून रॉबिन आवडते.’

मालिका पुढे आणखी सात वर्षं चालली. त्या काळात रॉबिन आणि बार्नी यांचं प्रेम रंगलं. नववा सीझन जवळजवळ पूर्णपणे त्यांच्या लग्नाच्या शनिवार-रविवारभोवती फिरतो. क्रिस्टिन मिलिओटीने साकारलेली आई पडद्यावर आली ती आठव्या सीझनच्या अखेरीस, आणि थोड्याच भागांत तिने प्रेक्षकांना जिंकलं. मग ३१ मार्च २०१४ च्या अंतिम भागात रॉबिन-बार्नीचा घटस्फोट झाला, आईचा आजाराने मृत्यू झाल्याचं कळलं आणि टेड निळा फ्रेंच हॉर्न घेऊन पुन्हा रॉबिनच्या खिडकीखाली उभा राहिला.

चाहते भडकले. पुढे डीव्हीडीवर पर्यायी शेवट दिला गेला. त्यात टेड आणि आई रेल्वे स्थानकावर भेटतात आणि गोष्ट तिथेच गोडीत संपते.

मूळ शेवटाची बाजू घेणारेही आहेत. त्यांच्या मते, आयुष्यात एकच मोठं प्रेम असतं या समजुतीलाच ही मालिका धक्का देते. मार्शलच्या वडिलांच्या मृत्यूचा भाग आठवला, तर विनोदी मालिकेत मरण आणण्याचं धाडस तिने आधीही केलं होतं. पण शेवट ठरलेला असणं ही अडचण नव्हती. पात्रं त्या शेवटापासून दूर निघून गेली आणि तो बदलायची सोय उरली नव्हती, ही खरी अडचण होती.

अमेरिकेत ‘फ्रेंड्स’चा अंतिम भाग सुमारे सव्वापाच कोटी लोकांनी पाहिला, ‘मदर’चा सुमारे १ कोटी ३० लाखांनी. मात्र २००४ आणि २०१४ मधलं टीव्हीचं जग वेगळं होतं, त्यामुळे या आकड्यांवरून सरस कोण हे ठरत नाही.

आज पाहताना काय खटकतं?

‘फ्रेंड्स’वर सर्वात मोठा आक्षेप आहे तो गोऱ्या पात्रांच्या मक्तेदारीचा. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणींवरची ‘लिव्हिंग सिंगल’ ही मालिका तिच्या एक वर्ष आधी, १९९३ मध्येच आली होती. तिला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही. मार्टा कॉफमन यांनी २०२२ मध्ये या त्रुटीबद्दल खेद व्यक्त करत ब्रँडाइस विद्यापीठातील आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासासाठी ४० लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं. मोनिकाच्या लठ्ठपणावरचे विनोदही आज बोचतात.

‘मदर’मध्ये बार्नीच्या बायका ‘पटवण्याच्या’ युक्त्यांवर हसणं अवघड जातं. खोटं बोलून मिळवलेली संमती तिथे विनोद म्हणून येते. २०१४ मध्ये गोऱ्या कलाकारांनी आशियाई वेश केल्याबद्दल निर्मात्यांना माफीही मागावी लागली.

आपल्याकडे काय झालं?

‘फ्रेंड्स’चा साचा भारतात लवकर पोहोचला. झी टीव्हीवर १९९९ मध्ये ‘हॅलो फ्रेंड्स’ ही हिंदी मालिका आली, पण टिकली नाही. प्रसंग जवळजवळ तसेच उचलले होते, भोवतालचं जग मात्र आपलं नव्हतं. २०१५ मध्ये झी मराठीवर आलेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ तरुणांना भावली. तीन मुलं, तीन मुली आणि मुंबईतलं एक घर हा साचा ओळखीचाच होता. पण मुंबईत जागा मिळण्याची मारामार आणि घरच्यांच्या अपेक्षा या गोष्टी इथल्या होत्या.

मग आधी कोणती पाहावी?

दिवसभराच्या कामानंतर वीस मिनिटं डोकं शांत हवं असेल, तर ‘फ्रेंड्स’. कुठूनही सुरू करा, कुठेही थांबा. कोडं सोडवल्यासारखी, धागे जुळवत जाणारी गोष्ट हवी असेल, तर ‘मदर’, आणि तीही पहिल्या भागापासून क्रमाने. शेवट पटला नाही, तर डीव्हीडीवरचा दुसरा शेवट आहेच. कोणता खरा मानायचा, हे निर्मात्यांनी ठरवलं असलं तरी चाहत्यांनी अजून ठरवलेलं नाही.