लाकडी पाइप: आधी कारखाना, मग घर

घरी बसून हाताने कोरलेला लाकडी पाइप पाहिला की ही एखादी जुनी लोककला असावी आणि कारखान्यांनी ती पुढे गिळली असावी, असे आपण सहज धरून चालतो. पुरावा मात्र उलट आहे. तंबाखू सोळाव्या शतकात युरोपात पोचली आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षे तिथला सामान्य माणूस ती मातीच्या पाइपमधूनच ओढत होता. लंडनमध्ये आणि हॉलंडातल्या खौदा गावी असे पाइप भट्ट्यांतून निघत. लाकूड हाताशी असताना लोक माती भाजत बसले, कारण साधे लाकूड निखाऱ्याशेजारी टिकत नाही. आपला हुक्काही हेच सांगतो: नळी लाकडाची, पाण्याचे भांडे नारळाचे किंवा धातूचे, पण अंगार ठेवायची चिलीम मातीची. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या प्रसिद्ध पाइपांतही नळी लाकडी आणि तंबाखूची वाटी मिनेसोटातल्या लाल दगडाची असे. जर्मनीतल्या उल्मचे लाकडी पाइप कारखान्यांच्या आधीचे आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण तेही सरसकट कुठल्याही लाकडाचे नव्हते, झाडाच्या घट्ट गाठींतून कोरलेले होते. आणि त्या काळच्या लाकडी वाट्यांना बऱ्याचदा आतून धातूचे अस्तर लावावे लागे.

हा प्रश्न सुटला तो एका झुडपामुळे. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवर ‘एरिका आर्बोरिया’ नावाचे झुडूप वाढते. तिथे वणवे नेहमीचे. वरचा भाग जळून गेला तरी बुंध्याशी, जमिनीत असलेल्या टणक गाठीतून ते पुन्हा फुटते. हीच गाठ म्हणजे ब्रायर. फ्रान्सच्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावात यात्रेकरूंसाठी जपमाळा आणि इतर लाकडी वस्तू करणारे कातारी पिढ्यान्‌पिढ्या होते, पाइपचे भागही ते करत. 1850च्या दशकात ब्रायर त्यांच्या हाती आले आणि गाव पाइपची राजधानी झाले. एकट्यादुकट्या कोरणाऱ्याला हे जमणारे नव्हते. कॉर्सिका, कॅलाब्रिया, अल्जीरिया अशा ठिकाणी गाठी खणायच्या, तडकू नयेत म्हणून ओल्या ठेवायच्या, ठोकळे कापायचे, आतला कडवट रस निघावा म्हणून ते तासन्‌तास उकळायचे आणि मग महिनोन्‌महिने सावकाश वाळवायचे. ही साखळी उभी राहिली, तेव्हा कुठे लाकडी पाइप घरोघर पोचला. दुसऱ्या महायुद्धात ती तुटली, तेव्हा डेन्मार्कमध्ये बीचच्या लाकडाचे पाइप झाले. अमेरिकेत पर्याय शोधला गेला तोही मँझनिटासारख्या झुडपांच्या मुळाशी असलेल्या गाठींत. निव्वळ हातकसबावर भागले असते, तर कुणी मुळे खणली नसती.

मग हाताने केलेल्या पाइपला काही अर्थच उरला नाही का? उरला, आणि माझ्या मते तो मोठा आहे. फक्त त्याचे वय कमी आहे. कोपनहेगनचा सिक्सटन इवार्सन (1910–2001) आधी पाइप दुरुस्त करत असे. कारखान्याचे ठरलेले आकार बाजूला ठेवून ठोकळ्यातल्या रेषा जिकडे वाहतील तिकडे आकार न्यायचा, ही दृष्टी त्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर रुजवली. आजचा घरगुती कारागीर त्याच्या घराण्यातला आहे. आयता छिद्रे पाडलेला ठोकळा आणून कानस नि पॉलिश पेपर चालवणाऱ्याला काहीजण कमी लेखतात, ते मला पटत नाही. धुराची वाट वाटीच्या अगदी तळाशी उघडली पाहिजे; ती वर सरकली तर तळाची तंबाखू नीट जळत नाही आणि ओल साचते. हे अवघड काम यंत्रावर सोपवून आकारावर जीव ओतणे हीसुद्धा कारागिरीच आहे. नवशिक्याला एकच कळकळीची विनंती: मुरवलेला ब्रायरचा ठोकळाच विकत आणा. परसातली दिसेल ती फांदी कोरायला घेऊ नका. कण्हेरीची तर मुळीच नको, तिचा धूरही विषारी असतो.