दोन बॉक्सर आणि 17 जानेवारी

 

17 जानेवारी 1942. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात मोहम्मद अलीचा जन्म झाला. 25 फेब्रुवारी 1964 ला सॉनी लिस्टनला हरवून तो वयाच्या 22 व्या वर्षी हेवीवेटचा जगज्जेता झाला. हे बहुतेकांना माहीत असतं.

त्याच 1964 साली आपल्या महाराष्ट्राचा एक जवान टोकियोत रिंगमध्ये उतरला होता. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले. सैन्याच्या ईएमई विभागात नोकरी, तिथेच बॉक्सिंग शिकले, आणि आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेपर्यंत पोहोचले. अलीसारखं हेवीवेटचं शरीर नाही, पैशाच्या लढती नाहीत. पण ठोसा तोच, रिंगही तीच.

पुढे दोघांच्याही आयुष्यात युद्ध आलं.

1965 च्या भारत-पाक युद्धात पेटकरांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात अडकली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग तिथेच संपलं.

अलीने 28 एप्रिल 1967 ला व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला. किताब गेला, परवाना गेला, शिक्षाही झाली. ऐन उमेदीची साडेतीन वर्षं वाया गेली.

कोण बरोबर, कोण मोठा, हा वाद मला घालायचाच नाही. मला फरक दिसतो तो पुढचा. अलीचा खेळ सरकारने थांबवला होता. 1970 मध्ये तो रिंगमध्ये परतला, 1971 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली आणि 1974 मध्ये जॉर्ज फोरमनला पाडून त्याने किताब परत मिळवला. पेटकरांचे पाय कोणतं कोर्ट परत देणार होतं?

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. बॉक्सरचे खांदे आणि हात शाबूत होते. त्याच हातांनी ते पोहायला लागले. 1968 च्या तेल अवीव पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट 1972 मध्ये जर्मनीच्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णासाठी देशाला 2008 पर्यंत, अभिनव बिंद्रापर्यंत थांबावं लागलं, हे लक्षात घ्या!

आणि आपण काय केलं? पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. म्हणजे 46 वर्षांनी. 2024 मध्ये 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आला तेव्हा कुठे घराघरात नाव पोहोचलं. अर्जुन पुरस्कार हाती पडला तेव्हा वय 80. तारीख होती 17 जानेवारी 2025. अलीचा वाढदिवस. योगायोगच, पण मला तो टोचतो.

अलीच्या प्रत्येक लढतीची नोंद आहे. 61 लढती, 56 विजय, 5 पराभव. कोणीही उठून सांगेल. कारण तिथे प्रत्येक लढतीला लिहिणारे, फोटो काढणारे हजर होते. आपल्याकडे खेळणारे होते राजेहो, लिहिणारेच नव्हते.

हे सरकारला बोल लावायला लिहीत नाही. आधी माझंच सांगतो. माझे मोठे काका सैन्यात बॉक्सिंग करायचे. सुट्टीवर आले की आम्हा पोरांना मूठ कशी वळायची ते दाखवायचे, आम्ही हसायचो. कुठे खेळले, कोणाशी खेळले, कधी विचारलं नाही. ते गेल्यावर पत्र्याची पेटी उघडली तर प्रमाणपत्रांचा वाळवीने भुगा केलेला. एका कागदावर फक्त शिक्का वाचता येत होता. आमच्या घरातला तेवढा इतिहास कायमचा गेला, तोही आमच्या डोळ्यांसमोर.

आज पहाटे पाचला चिखली, मेहकर, मलकापूरच्या रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी आपली पोरं बघा. त्यांच्या आधीही कोणीतरी याच रस्त्यांवर धावलं आहे. तुमच्या गावात असा कोणी जुना जवान, पहिलवान, खेळाडू असेल तर या रविवारी त्यांच्याकडे जा. जुने कागद, फोटो मोबाईलमध्ये टिपून घ्या, साल लिहून घ्या. त्यांची परवानगी असेल तर इथे कमेंटमध्ये टाका. मी गावनिहाय यादी करतोय.

46 वर्षं थांबायला सगळ्यांकडेच वेळ नसतो.