भाषा ‘येत नाही’ की येऊ दिली नाही?

आमच्या मुलांना भाषा जमत नाही, असे आजही सहज बोलले जाते आणि पुरावा म्हणून गुणपत्रिका पुढे केली जाते. आम्ही विचारतो, भाषा न येणे आणि ती येऊ न देणे, हा फरक गुणपत्रिकेत दिसतो का?

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. 1912 साली ते बी.ए. झाले, तेही इंग्रजी आणि फारसी घेऊन. नुसते निकालाचे रजिस्टर पाहणारा संशोधक लिहील, ‘या विद्यार्थ्याने फारसी निवडली.’ ‘निवडली’ या एका शब्दात सारा अन्याय गडप होतो. त्याच बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या मेहनतीने संस्कृतचा अभ्यास केला. मग कमी काय होते, बुद्धी की संधी?

कोणी म्हणेल, एका माणसाच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही. मान्य. म्हणूनच आकडे हवेत, आणि तेही बाबासाहेबांनीच मांडले. 12 मार्च 1927 रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची दर हजारी 119 मुले होती, तर मागासवर्गाची फक्त 18. माध्यमिक शाळेत हेच प्रमाण दर लाखाला 3,000 आणि 14 होते.

पण 14 हा आकडा कारण सांगत नाही. कारण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये सापडते. बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि शिपाई हजर नसेल तर पाणी नाही. तहानलेल्या, वेगळ्या बसवलेल्या मुलाचा धडा कच्चा राहिला, तर नापास कोण?

आकडेवारी आणि अनुभवकथन एकमेकांवर पारखून घेण्याला आज विद्यापीठात संमिश्र संशोधन पद्धती म्हणतात. भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी ती खुशाल वापरावी. मात्र चाचणीचे गुण लिहिताना हेही विचारावे : वर्गात मोठ्याने वाचायला कोणाला उभे करतात? कोणाच्या घरच्या बोलीला हसतात? ‘अशुद्ध’ हा शिक्का कोण मारतो?

विधिमंडळातल्या त्या भाषणानंतर आठच दिवसांनी, 20 मार्चला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. आकडे मांडून ते थांबले नाहीत. आम्हीही थांबता कामा नये.

जय भीम!